बाण कुठून निघाला?

[कोरा कागद. पेन्सिल एक वाकडा बाण काढते.]

शेपूट इलेक्ट्रॉनच्या जोडीवर, टोक कार्बनवर. इलेक्ट्रॉन कुठून निघाले नि कुठे पोचले, एवढंच हा बाण सांगतो. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तो हमखास उलटा निघतो, कारण धन प्रभारच हलतो असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. 1922 साली केर्मॅक आणि रॉबिन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी असे बाण कागदावर आणले.

पण बाण काढायला काय, कसाही काढता येतो. रेणू खरंच तसा वागतो कशावरून?

[ध्रुवणमापीची नळी: पदार्थ ध्रुवित प्रकाश किती वळवतो ते मोजणारी.]

1896. पॉल वॉल्डेन यांच्याकडे होतं मॅलिक आम्ल, ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, त्याचं प्रतल डावीकडे वळवणारं. त्यातला हायड्रॉक्सिल (OH) गट काढून त्यांनी क्लोरीन बसवला. मग सिल्व्हर ऑक्साइड वापरून क्लोरीन काढला, पुन्हा हायड्रॉक्सिल. हाती आलं मॅलिक आम्लच, पण प्रकाश उजवीकडे वळवणारं! दोनांपैकी एका पायरीत रेणू उलटला होता, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखा झाला होता. कोणत्या, ते कळेना.

[लंडन, 1935.]

एडवर्ड ह्यूज आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. 2-आयोडोऑक्टेन, म्हणजे आठ कार्बनची साखळी आणि दुसऱ्या कार्बनवर आयोडीन. त्यातलं आयोडीन काढून तिथे आयोडीनच बसवायचं, फक्त नवं किरणोत्सारी. मग दोन वेग मोजायचे: नवं आयोडीन किती झपाट्यानं आत शिरतं, आणि प्रकाश वळवण्याची ताकद किती झपाट्यानं ओसरते.

दुसरा वेग पहिल्याच्या दुप्पट भरला.

दुप्पट का? एक रेणू उलटला की त्याचं स्वतःचं वळण जातं, वर न उलटलेल्या एका रेणूचंही तो रद्द करतो. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत रेणू उलटतोच. नवं आयोडीन मागच्या बाजूनं येतं, समोरचं सुटत जातं, आणि कार्बनचे उरलेले तीन हात वाऱ्यात छत्री उलटावी तसे पलीकडे वळतात. ही उपमा सगळेच देतात; याहून चांगली मलाही सापडलेली नाही.

[प्रतिकृती: कार्बनला तीन मिथाइल (CH₃) गट आणि ब्रोमीन.]

इथे मात्र मागची वाट तीन मिथाइल गटांनी अडवलेली. पाण्याच्या रेणूला आत शिरायला जागाच नाही. तरी पाण्याशी अभिक्रिया होते, कारण ब्रोमाइड आधीच निघून जातं आणि धन कार्बन सपाट होऊन बसतो. मग पाणी कुठल्याही बाजूनं येऊ दे.

[पेन्सिल पुन्हा कागदावर.]

म्हणून इथला पहिला बाण बाहेरून येत नाही. तो कार्बन-ब्रोमीनच्या बंधातूनच निघतो.