बोट फिरवा आणि थांबा

(दृश्य : मोरीत पाटावर आजी, लांब केलेल्या पायांवर पालथं बाळ)

वाटीत तेल, बादलीत कढत पाणी. नातवंडं आजींनी अशीच न्हाऊ घातली. या नातीच्या पाठीवर मात्र मसुराएवढे तपकिरी डाग आहेत. चोळलं की फुगतात. पित्त उठलंय म्हणून महिनाभर डाळीचं पीठ लावून आणखी चोळून झालं. नंतर खरजेचं मलम.

(दृश्य : डाग, अगदी जवळून. कोपऱ्यात घड्याळ)

आता नीट पाहा. डॉक्टरांनी एकच डाग हलकेच घासलाय. आजूबाजूची त्वचा जशीच्या तशी. काही मिनिटांत डाग लाल होतो, गांध उठते. ही दारिएची खूण, दारिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांच्या नावाची. ना यंत्र, ना खर्च. तरी किती ठिकाणी मुलांच्या डागावर बोट न फिरवताच चिठ्ठी लिहिली जाते!

आजार आहे त्वचेचा मॅस्टोसायटोसिस. लंडनमध्ये १८६९ साली एडवर्ड नेटलशिप यांनी त्याची पहिली नोंद केली, तीही दोन वर्षांच्या मुलीचीच.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात जांभळ्या दाण्यांच्या पेशी)

हे जांभळे दाणे १८७८ साली पॉल एर्लिश यांना भुलवून गेले. वय २४, डॉक्टरकीचा प्रबंध चाललेला, हाताशी नवे कृत्रिम रंग. त्यांना वाटलं, पेशी खाऊन टम्म झाल्यात. म्हणून जर्मनमध्ये नाव ठेवलं 'मास्टत्सेलन', पोसलेल्या पेशी. अंदाज चुकला, नाव टिकलं; मॅस्टोसायटोसिस हे नावही त्यावरूनच. त्या दाण्यांत असतं हिस्टामिन, खाज-सूज आणणारं रसायन. घासलं, गरम पाणी पडलं, की ते बाहेर सांडतं. १८८७ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी दाखवलं, की या डागांत याच पेशींची दाटी असते.

दाटी होते ती बहुतेक मुलांत केआयटी जनुकातल्या बदलामुळे. तो सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो. आईनं डोहाळ्यांत काय खाल्लं, याचा इथे काही संबंध नाही. आजार लागटही नाही. पाळणाघरानं मूल परत पाठवायचं कारण नाही.

कधी फोड येतात, क्वचित रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून भूल किंवा वेदनाशामक देण्याआधी डॉक्टरांना आजार सांगायचा. बहुतेकांचे डाग वयात येईतो फिके होतात.

(दृश्य : पुन्हा मोरी. आजींचे हात)

पाणी आता कोमट. पंचा नुसता टिपायला.