मून मॉथ : आठ दिवसांचा उपाशी पतंग

पावसाळ्यातली सकाळ. ऐनाच्या खोडाला एक मोठं पान चिकटल्यासारखं दिसतंय ना? जरा जवळ जाऊ. हा मून मॉथ, शास्त्रीय नाव ॲक्टियस सेलेने. पंख पसरले की १० ते १२ सेंटिमीटर भरतो. रंग फिकट पोपटी, पुढच्या पंखांची वरची कड तांबूस-जांभळी, अंगावर दाट पांढरी लव. चारही पंखांवर एकेक डोळा आणि प्रत्येक डोळ्यात बारीकशी चंद्रकोर. मागच्या पंखांना मात्र लांबच लांब, पीळ पडलेल्या शेपट्या.

याचे फोटो फुलपाखरू म्हणून सर्रास फिरतात. मिशा बघितल्या की शंका उरत नाही. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, याच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी.

सोंड मात्र शोधू नका. असते ती नावापुरती, खाण्याच्या कामाची नाही. ना मध, ना फळांचा रस. पतंग म्हणून जेमतेम आठवडाभर जगायचं, तेही अळीने साठवून ठेवलेल्या चरबीवर.

तेव्हा खरी कमाई अळीची. मोई, ऐन, अर्जुन, जांभूळ अशा झाडांवर मादी अंडी घालते. दीडेक आठवड्यात त्यांतून तांबूस, काळ्या पट्ट्याच्या इवल्याशा अळ्या निघतात आणि खायला लागतात. कात टाकत टाकत रंग हिरवा होतो. चार वेळा कात टाकून झाली की अळी बोटाएवढी जाड झालेली असते, पाठीवर पिवळ्या गाठी, गाठींवर राठ केस. पानाची कड पायांत धरायची, वरून खाली कुरतडत यायचं, मान परत वर न्यायची. दिवसरात्र हेच. एवढी मोठी अळी, पण पानांत दिसेल तर शपथ! झाडाखाली पडलेल्या तिच्या विष्ठेच्या खाचदार गोळ्या आधी नजरेला पडतात.

पोट भरलं की दोन-तीन पानं ओढून घेऊन ती तपकिरी रेशमी कोश विणते. टसर रेशमाचा पतंग याच्याच कुळातला. कोशात कधी महिना जातो, तर कधी प्रतिकूल ऋतू सरेपर्यंत कित्येक महिने.

बाहेर येतो तेव्हा पंख चुरगळलेले असतात. फांदीला लटकून तो पंखांच्या शिरांत द्रव ढकलतो, आणि बघता बघता पंख उलगडतात.

त्या रात्री मादी फारशी हलत नाही. नुसता गंध सोडते. त्या गंधाच्या मागावर नर अंधारात निघतात, आणि अंधारात वटवाघळंही असतात. शेपट्या कामाला येतात त्या इथे. याच्या अमेरिकन भावंडावर, लूना मॉथवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेपट्या काढलेले पतंग वटवाघळांनी कितीतरी जास्त पकडले. उडताना भिरभिरणाऱ्या शेपट्यांवरून प्रतिध्वनी उठतो आणि वटवाघळाचा हल्ला धडाऐवजी शेपटीवर जातो. शेपटी गेली तरी पतंग उडू शकतो.

त्यामुळे अर्धी शेपटी तुटलेला नर दिसला, तर तो आदल्या रात्री वटवाघळाच्या तोंडून निसटलेलाही असू शकतो.