अडकलेलं पॅकेज

(दृश्य : टर्मिनल. ओळी भराभर वर सरकतात आणि थांबतात.)

नव्या सर्व्हरवर डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम घातलीय. वेब सर्व्हर हवा म्हणून एन्जिन-एक्स इन्स्टॉल करायला घेतलं. फाइली उतरल्या, उलगडल्या आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर काम अडलं. पडद्यावर एवढंच दिसतंय : एरर, एक्झिट स्टेटस १. नेमकं काय बिघडलं, याचा त्या ओळीत पत्ताच नाही.

डेबियनच्या पॅकेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉल करायच्या गठ्ठ्यात, प्रोग्रॅमबरोबर छोट्या स्क्रिप्टही येतात. त्यातली 'पोस्टइन्स्ट' सगळ्यात नाजूक. फाइली जागेवर बसल्या की ती चालते, मांडणी पुरी करते, सर्व्हिस सुरू करते. तिने शून्याऐवजी (शून्य म्हणजे 'सगळं ठीक') दुसरा कुठलाही आकडा परत दिला की डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम हात वर करतो. पॅकेज ना धड आत, ना धड बाहेर. नोंद होते : 'हाफ-कॉन्फिगर्ड', म्हणजे मांडणी अर्धवट.

(दृश्य : कॉन्फिगरेशन फाइल. एका ओळीवर कॅमेरा स्थिर.)

ही ओळ नीट बघा. 'लिसन', मग चौकटी कंसात दोन कोलन, पुढे आणखी एक कोलन आणि ८०. म्हणजे आयपीव्ही ६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) च्या पत्त्यावर पोर्ट ८०, म्हणजे वेबचं नेहमीचं दार, ऐकत राहा. पॅकेजसोबत आलेल्या मूळ फाइलमध्येच ती असते. पण कितीतरी सर्व्हरवर अ‍ॅडमिनने आयपीव्ही ६ कर्नलपासूनच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, बंद ठेवलेलं असतं. मग सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, उघडत नाही. कर्नल ९७ नंबरची एरर देतो, सर्व्हिस पडते, तिच्यामागे स्क्रिप्ट पडते, आणि इन्स्टॉल अडकतं. पूर्वी दुसरं नेहमीचं कारण त्याहून साधं असायचं : पोर्ट ८० आधीच अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरने धरून ठेवलेलं असायचं.

आता हा बग, म्हणजे दोष, डेबियनला कळवायचा. "इन्स्टॉल होत नाही" एवढंच लिहिलं तर मेंटेनर, म्हणजे ते पॅकेज सांभाळणारा, काय करणार? त्याच्या मशीनवर तर ते सुरळीत होतंय. जर्नलमधली (सिस्टिमच्या नोंदवहीतली) ती ९७ ची ओळ जशीच्या तशी जोडली आणि आयपीव्ही ६ बंद असल्याचं सांगितलं, की शोधाशोध जवळपास संपते. 'रिपोर्टबग' हे साधन व्हर्जन, कर्नल, डिपेन्डन्सी (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं) हे सगळं आपणहून भरतं. पण आपण मशीनमध्ये कुठे काय बदललंय, ते माणसालाच लिहावं लागतं. असा रिपोर्ट लिहिणं कोड लिहिण्याइतकंच कसबाचं काम आहे. त्याला तेवढा मान अजून मिळत नाही, आणि तो मिळायला हवा.

(दृश्य : बगची यादी, खाली खाली सरकत जाणारी.)

रिपोर्ट ईमेलने जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि तो जगाला दिसतो. १९९७ च्या सामाजिक करारात डेबियनने लिहूनच दिलंय : आम्ही अडचणी लपवणार नाही. २०२१ मध्ये या बगांचे क्रमांक दहा लाखांवर पोचले. इतक्या वेळा कुणीतरी थांबून, वेळ काढून लिहिलं आहे.

पॅकेज वापरताच येत नसेल तर बग 'ग्रेव्ह', म्हणजे गंभीर, ठरतो. असा नवा बग असलेलं पॅकेज 'अनस्टेबल'मधून, म्हणजे नवी पॅकेजं आधी येतात त्या शाखेतून, पुढच्या 'टेस्टिंग' शाखेत सरकत नाही.

दुरुस्ती कधीकधी चार-सहा ओळींची असते. पोर्ट ८० च्या बाबतीत पोस्टइन्स्टला आधी चौकशी करायला शिकवलं गेलं. पोर्ट अडलेलं दिसलं तर ती तसं सांगते, सर्व्हर सुरू करायच्या भानगडीत पडत नाही, आणि इन्स्टॉल पुरं होतं. पुढचा निर्णय अ‍ॅडमिनचा. पण त्या ओळींवर अटी कडक आहेत. स्क्रिप्ट मध्येच तुटली आणि पुन्हा चालवली, तरी काही मोडता कामा नये. 'पियूपार्ट्स' हे साधन कोऱ्या सिस्टिमवर पॅकेज घालतं, अपग्रेड करतं, काढून टाकतं, आणि मागे काही कचरा राहिला का ते तपासतं. मग चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, 'क्लोझेस' आणि बगचा क्रमांक. नवं व्हर्जन चढलं की बग बंद होतो आणि कळवणाऱ्याला तसा मेल जातो.

(दृश्य : डेबियनचा ग्राफिकल इन्स्टॉलर, भाषेच्या यादीत 'मराठी'.)

डेबियनचा इन्स्टॉलर, म्हणजे मशीनवर डेबियन घालणारा प्रोग्रॅम, मराठीतही चालतो, फक्त त्यासाठी ग्राफिकल इन्स्टॉलर निवडावा लागतो. इथे एखादं जोडाक्षर तुटलेलं दिसलं, वाक्य अर्धवट राहिलं, तर तोही बगच. आणि सगळं सुरळीत पार पडलं, तरीही इन्स्टॉलेशन रिपोर्ट पाठवता येतो. कुठल्या मशीनवर काय चाललं, हेही इन्स्टॉलरच्या टीमला हवं असतं. लागणारे लॉग नव्या सिस्टिममध्येच, 'व्हार'मधल्या 'लॉग'खाली 'इन्स्टॉलर' नावाच्या डिरेक्टरीत ठेवलेले सापडतील.