बिरसीची धावपट्टी

विमानाच्या पंखाखाली वाकलेल्या या विद्यार्थिनीच्या हातात एक पारदर्शक नळी आहे. टाकीच्या तळातून तिने त्या नळीत थोडे इंधन काढून घेतले आहे आणि ती ते उजेडासमोर धरून निरखते आहे. त्यात पाण्याचा थेंब किंवा कचरा दिसला, तर इंधन स्वच्छ निघेपर्यंत आजचे उड्डाण थांबेल. चार आसनांच्या या एकइंजिनी डायमंड डीए-४० विमानाची अशी तपासणी प्रत्येक उड्डाणापूर्वी होते, आणि आदल्या फेरीत विमान उत्तम चालले होते म्हणून ती कोणी टाळत नाही.

हा गोंदियाचा बिरसी विमानतळ. राईस मिलांच्या आणि हावडा–मुंबई लोहमार्गावरच्या जंक्शनच्या या शहरापासून तो सुमारे १२ किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. २००५ मध्ये हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला आणि पुढे प्राधिकरण व कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून येथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी केली.

आज धावपट्टीची लांबी २,३०० मीटर आहे. तिच्या नैर्ऋत्य टोकाला ०४ आणि ईशान्य टोकाला २२ असे आकडे रंगवलेले आहेत. त्या-त्या टोकावरून उतरताना होकायंत्र अनुक्रमे सुमारे ४० आणि २२० अंश दाखवते, त्यातले शेवटचे शून्य गाळून हे आकडे बनतात. वारा समोरून येईल असेच टोक उतरण्यासाठी निवडायचे, हा विद्यार्थ्यांचा अगदी सुरुवातीचा धडा असतो.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातले १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतः पेलून करावे लागतात. सुरुवातीच्या तासांचा मोठा भाग धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांमध्ये जातो. उड्डाण करायचे, हजारेक फुटांवर धावपट्टीला समांतर जायचे, वळून खाली यायचे, जमिनीलगत नाक किंचित उचलून चाके अलगद टेकवायची आणि न थांबता पुन्हा वर जायचे. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर अशा फेऱ्यांना जागा मिळणे अशक्यच आहे. मोठ्या शहराला जी गोष्ट कितीही पैसा मोजून मिळत नाही, ते मोकळे आकाश गोंदियाजवळ आहे, आणि आमच्या मते हेच या विमानतळाचे खरे धन आहे.

या आकाशाने दुःखही पाहिले आहे. १८ मार्च २०२३ रोजी येथून निघालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक तरुणी, दोघांचाही मृत्यू झाला. विमानतळाच्या कुंपणापलीकडे बिरसी गावातील ज्या कुटुंबांना विस्तारामुळे घर सोडावे लागणार होते, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. या धावपट्टीची किंमत कोणी मोजली हे सांगताना त्या कुटुंबांचा उल्लेख आधी व्हायला हवा.

मार्च २०२२ मध्ये इंदूर आणि हैदराबादला जोडणारी प्रवासी सेवा सुरू झाली, पण ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे एटीआर हे छोटे प्रवासी विमान हैदराबादहून येऊ लागले. ही सोय गोंदियाकरांना हवीच होती. तरीही गावकऱ्यांच्या कानाला ओळखीचा आवाज आहे तो लहान विमानांचा, रोवणीच्या चिखलात उभ्या बायांच्या डोक्यावरून पुनःपुन्हा जाणाऱ्या त्या इंजिनांचा.

आता अंधार पडतो आहे. परवान्यासाठी रात्रीचे ५ तासही भरावे लागतात, आणि त्यात स्वतःच्या जबाबदारीवरची १० उड्डाणे व १० अवतरणे असतात. धावपट्टीच्या दोन्ही कडांचे दिवे लागले आहेत. सकाळची ती विद्यार्थिनी हातात विजेरी घेऊन पुन्हा पंखाखाली वाकली आहे.