हातातून सुटलेल्या चेंडूला वर कोण ढकलतं?

(हातात चेंडू. सरळ वर फेकून झेलते.)

नमस्कार! आत्ता मी चेंडू वर फेकला आणि झेलला. आता प्रश्न असा: हातातून सुटल्यावर तो वर जात होता, तेव्हा त्याच्यावर कोणकोणती बलं होती? व्हिडिओ थांबवा, कागदावर एक गोल काढा आणि बाण दाखवा. खरंच काढा, नुसतं मनातल्या मनात नको.

काढलेत? गतीचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा इथे दोन बाण काढतात, हे मी वर्गात कितीदा तरी पाहिलंय. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, 'हाताने दिलेल्या बलाचा'. हा दुसरा बाण खोडा. हात सुटला त्या क्षणी हाताचं बल संपलं. आता चेंडूवर एकच बल आहे, पृथ्वीची ओढ, आणि ती खाली. हवेचा विरोध असतो, पण एवढ्याशा फेकीत तो अगदी किरकोळ, म्हणून आज सोडून देऊ.

मग तो वर का जातो? कारण हातातून सुटतानाच त्याला वरच्या दिशेने वेग होता. असलेला वेग टिकवायला बल लागत नाही, बल लागतं वेग बदलायला. पहिला नियम एवढंच सांगतो.

हे पटकन पटत नाही, आणि त्यात नवल काही नाही. जड पेटी ढकलायची थांबलात की पेटी थांबते, मग बल संपलं की गती संपते असंच वाटणार. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणारा बुरिदान हा मोठा विद्वान होता. त्याचंही म्हणणं होतं की फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो जोर तिला पुढे नेत राहतो. तुम्ही काढलेला दुसरा बाण म्हणजे तोच जोर! पुढे गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून विचार केला. समोरचा चढ जितका सौम्य, तितका गोळा लांबवर जातो. चढच नसेल आणि घर्षणही नसेल, तर तो थांबेल कशाला? पेटी थांबते ती घर्षण तिला मागे खेचतं म्हणून. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर १ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललंय, आणि त्याला पुढे ढकलणारं कुठलंही इंजिन चालू नाही.

आता दुसरा नियम, याच चेंडूवर. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते. चेंडू १५० ग्रॅमचा आहे, म्हणजे पृथ्वी त्याला साधारण १.४७ न्यूटन बलाने ओढते. त्वरण ९.८, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला ९.८ मीटरने बदलतो, दिशा खाली. समजा तो सेकंदाला ४.९ मीटर वेगाने सुटला. पाव सेकंदाने वेग उरतो २.४५, अर्ध्या सेकंदाने शून्य.

(चेंडू वर फेकते. टोकाच्या क्षणी चित्र थांबतं.)

इथे थांबा. या क्षणी वेग शून्य आहे. त्वरण किती? 'शून्य' म्हणालात तर पुन्हा विचार करा. पृथ्वीची ओढ काही सुट्टीवर गेलेली नाही, त्वरण ९.८च आहे. ते शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

तिसऱ्या नियमात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तो सांगतो: एका वस्तूने दुसरीवर बल लावलं (क्रिया), की दुसरीही पहिलीवर तितकंच बल उलट दिशेने लावते (प्रतिक्रिया). चेंडू तळहातावर स्थिर ठेवलाय. वजन खाली १.४७ न्यूटन, तळहाताचं बल वर १.४७ न्यूटन. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का?

नाही. दोन्ही बलं एकाच चेंडूवर आहेत, आणि क्रिया-प्रतिक्रिया नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. नुसतं माझ्यावर विश्वास ठेवून हे मान्य करू नका, तपासून बघू. मी चेंडू फेकते तेव्हा ३० सेंटीमीटरच्या अंतरात हात त्याला शून्यापासून ४.९ वेगापर्यंत नेतो. गणित करा: त्वरण सुमारे ४०, त्यासाठी लागणारं निव्वळ बल ६ न्यूटन, म्हणजे हात चेंडूला साधारण साडेसात न्यूटनने वर ढकलतोय. वजन मात्र तेच, १.४७. ती जोडी असती तर दोन्ही बलं कायम सारखीच राहिली असती. १६८७ मध्ये न्यूटनने मांडलेल्या तिसऱ्या नियमात 'कधीकधी' ला जागाच नाही.

खऱ्या जोड्या अशा: हात चेंडूला वर ढकलतो, चेंडू हाताला खाली ढकलतो. आणि पृथ्वी चेंडूला खाली ओढते, तर चेंडू पृथ्वीला वर ओढतो, तितक्याच १.४७ न्यूटनने! मग पृथ्वी वर का येताना दिसत नाही? तिचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं, इतके किलो. तिचं त्वरण लिहायचं तर दशांश चिन्हानंतर आधी २४ शून्यं लिहावी लागतील, मग कुठे २ येईल.

(पुन्हा फेकून झेलते. चेंडू तळहाताला टेकल्यावर लगेच चित्र थांबतं.)

आता हे चित्र बघा. चेंडू हाताला टेकलाय, पण अजून खाली येतोय आणि त्याचा वेग कमी होतोय. कागदावर नवा गोल काढा. यावेळी बाण खरोखर दोन आहेत. त्यातला मोठा कुठला, आणि का, ते कॉमेंटमध्ये लिहा. मी वाचणार आहे.