रंग खरवडण्याआधी

(दृश्य: लांबलचक दालन. टेबलांच्या रांगा. टेबलांवर पत्र्याची इंजिनं, डबे, मालाच्या वाघिणी.)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं यॉर्क. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, इथल्या जत्रेच्या मैदानावर खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांचा बाजार भरतो. दालनांना रंगांची नावं आहेत, ऑरेंज हॉल, सिल्व्हर हॉल, व्हाइट हॉल. आत सत्तरी ओलांडलेले गृहस्थ गुडघे टेकून टेबलाखालचे खोके उपसत असतात. एका खिशात भिंग, दुसऱ्यात छोटी बॅटरी. इंजिन हातात आलं की ते आधी उलटं करायचं आणि पोटाकडून बघायचं, ही इथली रीत.

दर्शनी बाजूला रंगरंगोटी कुणीही करतो. पोटाकडे स्क्रू असतात. स्क्रूच्या खाचेचे काठ झिजलेले दिसले, की इंजिन कुणीतरी उघडलं होतं. पत्र्याच्या दुमडीत वेगळ्या छटेचा रंग शिरलेला दिसला, की ते पुन्हा रंगवलं होतं. मग विकणाऱ्याकडे बघून विचारायचं, "रंग मूळचा आहे का?" आणि विकणाऱ्याने खरं सांगायचं.

त्याने खरं सांगावं म्हणूनच या संग्राहकांचा क्लब उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. जुनी दुकानं, काचेमागची खेळणी.)

क्लबचं नाव ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन. 1954 साली पेनसिल्व्हेनियातल्याच यार्डली गावात काही संग्राहक एका कोठारात जमले, आणि संस्था सुरू झाली. यॉर्कचा बाजार भरवते ती या संस्थेची पूर्व विभागाची शाखा. बराच काळ हा बाजार फक्त सदस्यांसाठी होता.

जमलेल्या मंडळींच्या घरात कोणत्या गाड्या होत्या? मुख्यतः तीन नावं घ्यावी लागतात. आइव्ह्ज, अमेरिकन फ्लायर आणि लायनेल. यातलं आइव्ह्ज सगळ्यात जुनं, कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचं. 1900 साली त्यांचा कारखाना जळाला. सगळं नव्याने उभारायचंच होतं, तेव्हा त्यांनी रुळांवर धावणाऱ्या चावीच्या गाड्या करायला घेतल्या. त्यांची बिडाची इंजिनं आजही हातात घेतली तर वजन जाणवतं.

लायनेलची सुरुवात मात्र खेळणं म्हणून झालीच नाही. जोशुआ लायनेल कोवेन हा न्यूयॉर्कचा खटपट्या तरुण. 1901 मध्ये त्याने एका दुकानाच्या काचेत ठेवायला, गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला, विजेवर गोल गोल फिरणारी एक उघडी लाकडी वाघीण केली. गिऱ्हाइकं थांबली, पण काचेतला माल राहिला बाजूला, लोक ती वाघीणच मागायला लागले. पुढे कोवेन जाहिरातीतही तितकाच बेरकी निघाला. बिडाची खेळणी कशी फुटतात हे तो स्वतःच्या कॅटलॉगात चित्रं काढून दाखवायचा, आणि रोख अर्थातच आइव्ह्जकडे असायचा. 1928 मध्ये आइव्ह्जचं दिवाळं निघालं. ती कंपनी घेणाऱ्यांत लायनेल होतीच.

आइव्ह्जकडे घेण्यासारखं होतं तरी काय? इंजिनाची दिशा बदलणारा एक पेटंटचा स्विच. वीज बंद करून पुन्हा चालू केली की इंजिन पुढे, मग उभं, मग मागे, मग पुन्हा उभं. हात लावायची गरज नाही. पुढे लायनेलच्या इंजिनांत हाच प्रकार ई-युनिट या नावाने रुळला. गाडी उभी असतानाही आतून एक बारीक घुरघुर ऐकू येते, ती त्याची. ज्यांनी लहानपणी ती ऐकली आहे त्यांना ती बंद केलेली चालत नाही.

(दृश्य: कामाचं टेबल. पिवळा दिवा. उघडलेलं इंजिन, कापसाच्या काड्या, छोटे ब्रश.)

आता दुरुस्ती. इथे आपण जरा थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे.

माळ्यावरून इंजिन खाली आलं. सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ, वाळून लाखेसारखं झालेलं ग्रीस, डब्यांवर गंजाचे ठिपके. नव्या माणसाचे हात शिवशिवतात. साबणाचं पाणी करावं, चांगलं घासावं. अनुभवी माणूस त्याचा हात धरतो. कारण प्रत्येक कंपनीने, प्रत्येक काळात, रंग वेगळ्या पद्धतीने लावला. भट्टीत भाजलेला इनॅमल रंग असेल, तर कोमट पाणी आणि सौम्य साबण तो सहन करतो. पण पत्र्यावर लिथोची छपाई असेल, तर नुसत्या चोळण्यानेही चित्र पुसट होतं. आणि सगळ्यात फसवी असतात ती अक्षरं. इंजिनाच्या कुशीवरचा क्रमांक पुष्कळदा रबरी शिक्क्याने उठवलेला असतो. एक ओला बोळा फिरवा, डबा लख्ख होईल आणि क्रमांक बोळ्यावर येईल. म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कापसाच्या काडीने, नखाएवढ्या जागेवर बघायचं. मग थांबायचं. मग पुढे जायचं की नाही ते ठरवायचं.

मोटारीचं काम त्यामानाने सोपं. जुनं ग्रीस काढायचं, कम्युटेटर, म्हणजे मोटारीतला तांब्याचा फिरता भाग, पुसायचा, त्याच्या खाचांतली काजळी लाकडी काडीने काढायची, त्याला टेकून वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले असतील तर बदलायचे, धुऱ्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा. एकच थेंब. ई-युनिटला तेल अजिबात नाही, तिथे वीज एका बारीक पट्टीवरून दुसरीकडे जाते आणि तेलाने धूळ धरते. पुष्कळ इंजिनं एवढ्यावर चालायला लागतात. मेलेलं समजून दिलेलं इंजिन पहिल्यांदा हललं, की टेबलाभोवतीची माणसं बोलायची थांबतात. मग सगळी एकदम बोलायला लागतात.

एक दुखणं मात्र असं आहे की त्यावर औषध नाही. 1930च्या आसपास कंपन्यांनी चाकं आणि काही भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतायला सुरुवात केली. त्या ओतकामात शिशासारखी अशुद्ध द्रव्यं थोडी जरी राहिली, तरी धातू आतून कणाकणाने कुजतो. चाक फुगतं, भेगा पडतात, आणि एक दिवस बिस्किटासारखं हातात चुरा होतं. दमट हवेत हे लवकर होतं. हा रोग फक्त अमेरिकेचा नाही. इंग्लंडच्या हॉर्नबी गाड्यांनाही त्याने ग्रासलं आहे. अशी चाकं काढून नवी ओतलेली बसवण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याला कुणी नावं ठेवत नाही. फक्त विकताना सांगायचं.

आणि रंग? पुन्हा रंगवायचं की नाही, यावर या मंडळींत एकमत होणं कठीण. अर्धा पत्रा गंजून गेलेला, रंगाचे पोपडे सुटलेले, अशा डब्याला सगळा रंग काढून नवा द्यायला बहुतेकांची ना नसते. पण थोडे टवके उडालेल्या, कोपरे घासलेल्या इंजिनाला? माझं मत विचाराल तर, हात लावू नये. ते टवके कुणा पोराने गाडी जिन्यावरून पाडली म्हणून उडालेले असतात, आणि कितीही सुंदर नवा रंग कारखान्यातल्या माणसाने दिलेला रंग परत आणत नाही. बाजारही हेच म्हणतो. चांगल्या स्थितीतलं मूळ रंगाचं इंजिन नव्या रंगाच्या लखलखीत इंजिनापेक्षा जास्त किमतीला जातं.

(दृश्य: गुलाबी इंजिन. त्यामागे फिक्या निळ्या, पिवळ्या, जांभळट रंगांचे डबे.)

हे इंजिन बघा. 1957 मध्ये लायनेलने मुलींसाठी म्हणून खास गाडी काढली. गुलाबी इंजिन, गुलाबी आणि जांभळट वाघिणी, फिक्या निळ्या आणि लोणी-पिवळ्या रंगाचे बंद डबे, शेवटी आकाशी रंगाचा गार्डचा डबा. ती कुणी घेतली नाही. मुलींना खरीखुरी, काळी, आगगाडीसारखी दिसणारी आगगाडी हवी होती, हे कारखान्यातल्या पुरुषांच्या ध्यानात आलं नसावं. दुकानात पडून राहिली, म्हणून कमी खपली, म्हणून आज दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणजे बनावट आलीच. त्याच साच्यातली साधी इंजिनं हजारोंनी उपलब्ध. एक घ्या, गुलाबी रंग द्या, किंमत कितीतरी पटीने वर.

अशा वेळी एकट्या संग्राहकाचं काही चालत नाही. पुस्तकातल्या छायाचित्रावरून गुलाबी रंगाची नेमकी छटा कळत नाही. ज्याने अस्सल गाडी हातात घेऊन पाहिली आहे, ज्याच्या आईसाठी ती घरी आली होती, ज्याने बनावटीचे पाच प्रकार उघडून बघितले आहेत, अशी चार माणसं एका टेबलाभोवती लागतात. संस्थेने दर्जाची मोजपट्टी ठरवली ती यासाठीच. गाडीला एक ते दहा गुण, दहा म्हणजे आज कारखान्यातून निघाल्यासारखी. खोक्याला वेगळे गुण.

हो, खोक्याला. पुठ्ठ्याचं खोकं पोरं पहिल्याच दिवशी फाडून टाकायची, त्यामुळे काही वाघिणींची खोकी आज वाघिणीपेक्षा महाग आहेत. मग बनावट खोकीही निघाली. ती पकडायला अतिनील दिवा लागतो. पुढच्या काळात कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात जी रसायनं मिसळायला लागले, ती या दिव्याखाली निळसर चमकतात. 1930 सालचं म्हणून विकलेलं खोकं असं चमकलं, तर त्याचं वय तिथल्या तिथे कळतं.

(दृश्य: रुळावर गोल फिरणारी हँडकार. वर मिकी आणि मिनी.)

मंदीच्या काळात लायनेलच डबघाईला आली होती. 1934 साली त्यांनी एक डॉलरची हँडकार काढली, मिकी आणि मिनी दोन बाजूंनी दांडा खालीवर करतायत अशी. अडीच लाखांच्या वर खपली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, उंदराने कंपनी वाचवली. इतकं गोड खरं नसतं. डॉलरभराच्या खेळण्यातून सुटणारा नफा कंपनी वाचवण्याएवढा नव्हता, असं जाणकार म्हणतात. पण गोष्ट चिकटली ती चिकटलीच. यॉर्कमध्ये ही हँडकार दिसली तर दोघांचे पाय बघा. ते रबराचे असतात, आणि रबर कडक होऊन तुटतं.

यॉर्कपासून फार लांब नाही ते स्ट्रासबर्ग. तिथे संस्थेचं स्वतःचं नॅशनल टॉय ट्रेन म्युझियम आहे. कपाटांत गाड्या मांडलेल्या, आणि बटण दाबलं की धावणारे मोठे देखावेही. डिसेंबरात तिथे गर्दी होते, कारण अमेरिकेत या गाड्यांचं नातं नाताळाशी. झाडाखाली रूळ मांडायचे, छोटं गाव मांडायचं, पूल, बोगदा, दिवे. आपल्याकडे दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, मावळे मांडतात, हळीव पेरतात, तसंच. दरवर्षी तेच सामान माळ्यावरून निघतं आणि दरवर्षी काहीतरी मोडलेलं असतं.

खेळण्यातली रेल्वे मराठी माणसाला अगदीच परकी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. तिथला देखावा म्हणजे प्रमाणबद्ध प्रतिकृती, जुनी खेळणी नव्हेत. दोन छंद शेजारी राहतात, पण त्यांचे डोळे वेगळे. प्रतिकृती करणाऱ्याला लायनेलचा मधला तिसरा रूळ खुपतो, खऱ्या रेल्वेला कुठे असतो तो? संग्राहकाला तो हवाच. मधल्या रुळातून वीज येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाते, म्हणून रूळ वळवून पुन्हा त्यांनाच जोडले तरी शॉर्ट सर्किट होत नाही. दहा वर्षांच्या मुलाला कसेही रूळ जोडता यावेत, एवढाच हिशेब होता.

(दृश्य: न्यू जर्सीतला उपनगरी रस्ता. घराबाहेर मांडलेलं जुनं सामान.)

आणखी एक धागा आहे. लायनेलचा मोठा कारखाना न्यू जर्सीत, आधी इर्विंग्टनला आणि मग हिलसाइडला होता. तिथल्याच एडिसन गावाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांपासून हे फार लांब नाही. या भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून या गाड्या सापडतात. 1950च्या दशकात जी मुलं त्यांच्याशी खेळली, ती आता ऐंशीच्या घरात आहेत. घरं लहान होतायत, संग्रह बाहेर पडतायत, आणि घेणारी तरुण माणसं कमी. त्यामुळे त्या काळातल्या साध्या, भरपूर खपलेल्या गाड्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत उतरल्या आहेत. जुन्या संग्राहकांना याचं वाईट वाटतं. नव्याने सुरू करणाऱ्याला मात्र यापेक्षा बरी वेळ मिळायची नाही.

सुरुवात साध्या इंजिनाने करावी. गुलाबी गाडीच्या वाटेला जाऊ नये. रंग उडालेलं, पण चाकं शाबूत असलेलं, वर्षानुवर्षं न उघडलेलं एखादं काळं वाफेचं इंजिन, दोन वाघिणी, थोडे रूळ. मोटार स्वतः उघडून साफ करावी. अडलं तर क्लबातल्या कुणालाही विचारावं, या विषयावर त्यांना गप्प करणं अवघड जातं, एवढीच अडचण.

आणि ट्रान्सफॉर्मर, घरातली वीज गाडीपुरती कमी करून देणारा डबा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरवरचं रबर तडकलेलं असतं. ती वायर जाणकाराकडून बदलून घेतल्याशिवाय प्लग लावायचा नाही. कुणी हौसेने तो पुण्या-मुंबईला आणत असेल, तर तो 110-120 व्होल्टचा आहे हे लक्षात ठेवावं. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ घातला तर जळेल. व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन मध्ये लावला तरी तिथली वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50 ची, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त तापतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवावी, हाताने अंदाज घ्यावा, गरम लागला तर बंद करावा. घरातल्यांनी अजून एक फेरी मागितली तरी.