लेण्यांतला उजेड आणि छोट्या कॅमेऱ्याची रॉ फाइल

मंडळी, वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात भर उन्हात छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढला की बहुधा आकाश पांढरंफटक पडतं. आपला बेसाल्ट दगड गडद. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्याला मध्यम करडा समजतं आणि उजेड वाढवून ठेवतं. फाइल जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दिलेला नेहमीचा फोटो, असेल तर त्यापुढे करण्यासारखं फार थोडं उरतं.

सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी असते: निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला 1976 साली पेटंट मिळालं. या ठिपक्यांनी मोजलेला उजेड जवळपास तसाच साठवला की ती रॉ फाइल. जेपेगमध्ये रंगाचा तोल, धार, नॉइज (कमी उजेडात फोटोत उमटणारे दाणे) घालवणं, सगळं कॅमेऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. 12 बिट रॉमधल्या उजेडाच्या 4096 पायऱ्यांच्या जागी जेपेगमध्ये 256 होतात, आणि डोळ्याला सहज जाणवणार नाही ते आणखी गाळलं जातं.

‘एवढ्याशा कॅमेऱ्याला रॉ कशाला?’ असं मला नेहमी विचारतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांतला ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, फुल फ्रेमच्या, म्हणजे 36 बाय 24 मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरच्या, साधारण सातवा भाग. उजेड कमी गोळा होतो, नॉइज जास्त येतो, म्हणून जेपेग बनवताना कॅमेरा जास्त जोराने पुसतो. आता अजिंठ्यात चला. फ्लॅशला बंदी, दिवे मंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 च्या पुढे. गिलाव्याच्या बारीक भेगा, पोपडा सुटलेली कड, कुंचल्याची पुसट रेघ: कॅमेऱ्याच्या प्रोसेसरला यातलं बरंच काही नॉइजसारखंच दिसतं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा गाल गुळगुळीत होऊन येतो. छान दिसतो, पण ती भिंत तशी नाही! आपल्याला जे नोंदवायचं तेच पुसलं जातं, याचा मला खरंच त्रास होतो.

रंगाचंही तसंच. आत दिव्यांचा पिवळसर उजेड, दारातून येणारा निळसर. गेरूचा तांबडा आणि लाजवर्दी निळा यांच्यात कॅमेरा आपोआप ठरवेल तो तोल विश्वासाचा नाही. रॉमध्ये तो तोल नुसती नोंद म्हणून असतो, घरी बसून बदलता येतो. मात्र दोन उजेड एकाच भिंतीवर मिसळले असतील तर एका आकड्याने भागत नाही. फोटोचा तो तो भाग वेगळा दुरुस्त करावा लागतो. सुरुवातीला त्याच उजेडात रंगाचा तोल जुळवायला करड्या कार्डाचा एक फोटो घ्या, पुढचं काम निम्मं होतं.

रॉने सगळं परत येत नाही. पूर्ण जळालेलं आकाश गेलं ते गेलंच. म्हणून कैलासात एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली घ्या आणि सावल्या नंतर उचला. फार उचलल्या तर छोट्या सेन्सरवर दाणे दिसतात. आणखी एक: छोट्या लेन्सचा फुगवटा जेपेगमध्ये कॅमेरा गुपचूप सरळ करतो. रॉ उघडल्यावर खांब वाकलेले दिसले तर घाबरू नका, सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सची दुरुस्ती चालू करा. लग्न, उरूस, जत्रा इथे मी स्वतः जेपेगच वापरतो. रॉच्या जड फाइली कार्डावर उतरेपर्यंत छोटा कॅमेरा अडून बसतो.

कॅमेरा घेताना रॉची सोय आहे ना, एवढं बघून घ्या. कॅननने 2006 च्या जी7 मधून ती काढली आणि पुढच्याच वर्षी जी9 मध्ये परत दिली.

20 मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण 20 एमबीची, म्हणजे 32 जीबीच्या कार्डावर दीडेक हजार फोटो बसतात. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत; डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. दर कंपनीची रॉ वेगळी असते, म्हणून मूळ फाइलीशेजारी अडोबीने 2004 साली खुल्या केलेल्या डीएनजी प्रकारात एक प्रत ठेवा. फाइलीच्या नावात लेण्याचा क्रमांक, भिंतीची दिशा आणि तारीख लिहा.